विटाळ खेळापुरता माफ

जत्रेच्या मैदानात मी पडलो होतो आणि माझा घोटा भलतीकडेच फिरला होता. चाकणजवळच्या आमच्या गावाचा शेजारच्या गावाशी हुतुतूचा सामना होता. शेवटची चढाई माझी. चौघांनी पाय धरला, तरी ओढत जाऊन मी मधल्या रेषेला हात टेकला. गाव जिंकलं. टोप्या उडाल्या. मी कळांनी ओरडत होतो.

आमचेच गडी भोवती उभे राहिले. घटकेपूर्वी यांच्याच हातात हात गुंफून मी साखळी धरली होती. आता एकही जण वाकेना. कप्तान होता गावच्या पाटलांचा थोरला पोरगा. तो म्हणाला, "खेळ संपला. आता ह्याला कोन शिवनार? म्हारवाड्यातनं मानसं बोलवा."

रीतच तशी होती. खेळ चालू असेपर्यंत विटाळ नाही. संपला की ते विहिरीवर, मी मैदानाच्या दुसऱ्या अंगाने घरी. खेळापुरतं का होईना शिवतात, यातच मला मोठा मान वाटायचा! बा येईपर्यंत मी उन्हात पडून होतो आणि गाव नारळ फोडत होतं.

पुण्याच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन झालं. भेटीच्या वेळी बाकीच्या खाटांभोवती माणसं जमायची. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. आय-बा मळणीच्या मजुरीत अडकलेले. गावातलं तर कुणी फिरकलंच नाही.

तिथला वॉर्डबॉय सकाळी काखेत हात घालून मला उठवून बसवायचा. पहिल्यांदा मी सवयीने अंग चोरलं. तो म्हणाला, "अंग ढिलं सोड की लेका." जात विचारली नाही. एवढंच. मी चादर तोंडावर ओढून रडलो. पाय दुखत होता म्हणून नाही. इतके दिवस मी फुटक्या नशिबावर चिडत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा माणसांवर चिडलो.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय वाळून गेला होता. भामा नदीच्या वाळूत मी एकटाच चालायचो, मग पळायचो, मग दम धरून "हुतुतू हुतुतू" म्हणायचो. समोर कुणी नाही. पाठीमागे कुणी नाही. फार एकटं वाटायचं. बा विचारायचा, "कुनासाठी चाललंय हे?" मला सांगता येत नव्हतं. खेळल्याशिवाय मला करमत नव्हतं आणि हुतुतू काही एकट्याचा खेळ नाही.

पुढच्या जत्रेआधी कप्तान आला. आमच्या महारवाड्याबाहेर लांब उभं राहून त्याने हाक मारली.

"पाय बरा झाला न्हवं? मग ये की उद्यापास्नं. गावाच्या अब्रूचा सवाल हाय."

"पडलो तर उचलनार का?"

तो हसला. "रीत ती रीत. खेळात कुठं आमी विटाळ धरतो?"

"मग न्हाई यायचो."

"मग खेळनार कुनाकडनं?"

"आमच्या वाड्याकडनं. तुमच्या विरुद्ध."

तो जायला वळला. मग म्हणाला, "तुज्यासंगं कोन उभं ऱ्हातंय, बघतोच."

दुसऱ्या दिवशी वाड्यामागच्या पडीक रानात मी काठीने रेषा ओढली. एकही पोर आलं नाही. सगळ्यांची मजुरी पाटलाच्याच शेतात होती. मी एकट्यानेच चढाई केली, एकटाच माघारी आलो. घोटा ठणकत होता. तरी ठरलं ते ठरलं. त्या गावासाठी आता एक चढाईसुद्धा करणार नाही. मी पडल्यावर जो मला हात लावील, तोच माझा गडी. तसा एकही मिळाला नाही तरी रोज इथे येईन, एकटा खेळेन.