वहिनीचे डबे आणि यापचा क्वाड

कोरोनातले किस्से आमच्या घरात फ्रीजमधल्या उरलेल्या भाजीसारखे साठलेत. टाकवत नाहीत आणि कोणी आलं की गरम करून वाढले जातात!

हूफडॉर्प या डच गावातल्या घरात तेव्हा आम्ही तिघं अडकलेलो. दादा गाड्यांच्या हँडलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, पण गाडीखाली कधी वाकत नाही. मेधावहिनीने नुकतेच डबे द्यायला घेतले होते. मी घरून रिसर्च करत होते, म्हणजे त्या दोघांची भांडणं सोडवत होते.

वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची कोणाची टाप नव्हती. एकदा दादा म्हणाला, "आमटीत मीठ जरा कमी वाटतंय." पुढचा आठवडाभर त्याच्या ताटाशेजारी मिठाचा अख्खा डबा! "घ्या हवं तेवढं!"

*

अ‍ॅमस्टेलव्हीनला एकटी राहणारी अश्विनी, युनिव्हर्सिटीत शिकणारी. तिला कोरोना झाला. ताप उतरला, पण चव गेली ती गेलीच. "सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं," म्हणून पोरीने जेवणच टाकलं. वहिनीच्या डब्यातले दोन घास खायची आणि मेसेज करायची, "छान होतं."

"छान काय छान! तिला कळलं तरी का?" वहिनी चिडायची आणि मग गुपचूप डोळे पुसायची.

त्यात फेब्रुवारीत बर्फ पडला. बस बंद, सायकल अशक्य. तीन दिवस डबा गेला नाही. फोनवर अश्विनीचा आवाज खोल गेलेला. वहिनी बूट शोधायला लागली. "मी चालत जाते."

शेजारचा शेतकरी याप बर्फातून मेंढ्यांना चारा घालायला क्वाडवर, म्हणजे चार जाड चाकांच्या मोटरसायकलवर, फिरायचा. आमची अडचण कळल्यावर त्याने किल्लीच पुढे केली. दादाने इथलं लायसन्स काढलंच नव्हतं. म्हणजे लायसन्स माझ्याकडे, ज्ञान दादाकडे!

*

पहिली चक्कर यापच्या शेतात. मी हँडल डावीकडे वळवलं. क्वाड सरळ गेला आणि गवताच्या गठ्ठ्यात घुसला.

"अंडरस्टिअर!" कुंपणावरून लॅपटॉप सांभाळत दादा ओरडला.

"ते रोगाचं नाव झालं, औषध सांग!"

याप वाकला आणि टायरवर अंगठा दाबून बघितला. दादाने सकाळीच, पुण्यातल्या स्कूटरच्या सवयीने, चारही टायर टम्म फुगवून ठेवले होते! यापने शांतपणे हवा कमी केली. "बर्फावर टायर जरा बसला पाहिजे. तरच धरतो."

पुढच्या वळणाला क्वाड वळला. थोडासा, पण वळला.

*

डबे मागच्या कॅरिअरवर चढवले, वहिनीही मागे बसली आणि क्वाड पुन्हा सरळच. दादाने ग्राफ उघडला.

वहिनी खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अहो, सगळे बाकाच्या एकाच टोकाला बसले, तर दुसरं वर जाणारच की!" तिने वरणभाताचा मोठा डबा उचलून पुढच्या कॅरिअरवर बांधला.

पुढच्या चाकांनी बर्फ धरला. हँडल सांगेल तिकडे क्वाड!

"ग्राफमध्येही तेच दिसत होतं," दादा म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

*

आता रस्ता कालव्याच्या कडेने. वळणाआधीच वेग कमी करायचा, वळताना ब्रेकला हात नाही, हे मी पाठ केलं होतं. पण वहिनी स्कूटरवर बसल्यासारखी ताठ!

"वहिनी, वळणाच्या आत झुक!"

"सासरी एवढी झुकले नाही!"

पण झुकली. शेवटच्या वळणाला तर इतकी, की तिची ओढणी बर्फ झाडत आली. क्वाड रुळावर असल्यासारखा वळला. आम्ही दोघी भर रस्त्यात आरोळ्या ठोकत अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये शिरलो.

*

डबा दाराशी ठेवून आम्ही खाली बर्फात उभ्या राहिलो. अश्विनीने तो आत नेला आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसून उघडला. वाफ आली. तिने एक घास घेतला आणि थांबली. मग दुसरा घेतला. तोंड वाकडं झालं.

"मेधाताई, रागावू नका हं... वरणात मीठच नाहीये!"

मी डोळे मिटून घेतले.

"काय म्हणालीस?"

"मीठ... नाहीये."

वहिनी मटकन बर्फात बसली. हात जोडून, रडत-हसत, अख्खी गल्ली ऐकेल अशी ओरडली, "परत म्हण गं पोरी! परत एकदा म्हण!"