बारा दाण्यांचं हिरवं मलम

माझं तोंड हिरवं झालं त्या दिवशी पेट्रोल पंपावर तीन गिऱ्हाइकांनी मला लिंबू आणून दिलं. तिघंही अनोळखी होते आणि त्यांचा हेतू चांगला होता. सगळा दोष माझ्या जावेचा होता, असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

मी शहापूरजवळ हायवेवरच्या एका पंपावर दोन नंबरच्या मशीनवर उभी असायचे. सकाळी सात ते संध्याकाळी सात. माझी कातडी मुळातच तेलकट, त्यात उन्हाची झळ लागली की गालांवर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबडे चट्टे उठतात. सातला मी गव्हाळ असते, दहाला तांबडी, आणि बारा वाजता माझ्या कपाळावर पापड तळता येईल. संध्याकाळी घरी शिरले की सासूबाई रोज न चुकता विचारायच्या, "कोनी मारलं काय गो तुला?"

हे मी सोसलं असतं. पण घरात सोनल होती.

सोनल माझी धाकटी जाऊ. शहापूरच्या बाजारात साडीच्या दुकानात कामाला. तीही दिवसभर उभीच, गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडते नि घड्या घालते. तिचीही कातडी माझ्यासारखीच, तेलकट आणि तांबडी पडणारी. (हे मी तिच्या लग्नाच्या फोटोंत बारकाईने तपासलं होतं.) तरी ती संध्याकाळी घरी यायची ती आत्ताच आंघोळ करून निघाल्यासारखी. सासूबाई तिला चहा देताना तिच्याकडे बघत राहायच्या आणि मला चहा देताना कपाकडे.

तशात आमच्या शिफ्ट इनचार्ज मॅडम लग्न होऊन नाशिकला गेल्या आणि त्यांची जागा रिकामी झाली. कॅबिन, खुर्ची, एसी. मॅनेजर भोईरकाकांनी माझं नाव पुढे केलं होतं, पण कंपनीचे साहेब स्वतः येऊन बघणार होते. कधी, तर गुरुवारी दुपारी चार वाजता. म्हणजे माझ्यावर पापड तळून वर चार तास झाल्यावर.

मी मन मारून सोनलला विचारलं. तिने बिचारीने सगळं सांगितलं. आधी तोंड धुवायचं, पूर्ण सुकू द्यायचं. मग तांबडेपणा झाकायला एक हिरवं मलम मिळतं, ते फक्त चट्ट्यांवर, तांदळाच्या दाण्याएवढं, बोटाने थापटून थापटून दिसेनासं करायचं. वर आपल्या रंगाचं क्रीम अगदी पातळ, त्यावर थोडी पावडर. दुपारी तेल सुटलं की कागदी रुमाल नुसता दाबायचा, पुसायचं नाही. "आनि जास्त लावू नका ताई," ती म्हणाली. "जितकं कमी, तितकं टिकतं."

आता तुम्हीच सांगा, यावर कोण विश्वास ठेवील? कमी लावलं की जास्त टिकतं, हे शेतात खतालाही लागू होत नाही. माझी खात्री पटली की मला बढती मिळू नये म्हणून ती माझी एका दाण्यावर बोळवण करतेय. मी बाजारातून स्वतःची ट्यूब आणली आणि स्वतःचं डोकं चालवलं. तिची ड्युटी सावलीत, पंख्याखाली, म्हणून एक दाणा. माझी उन्हात बारा तास, म्हणून बारा दाणे. आणि माझं सगळंच तोंड तांबडं होतं, म्हणून सगळ्या तोंडाला.

गुरुवारी सकाळी ते फासून वर पावडरीचे तीन थर दिले. घरातल्या बल्बच्या उजेडात मी स्वतःलाच ओळखलं नाही. आमचे हे भातसानगरला धरणावर कामाला निघाले होते. दारात थबकले, माझ्याकडे बघितलं आणि डोळे चोळत निघून गेले. मला वाटलं, भान हरपलं. (नंतर ते म्हणाले, त्यांना वाटलं डोळे तपासायला हवेत.)

दहापर्यंत सगळं ठीक होतं. मग घाम सुटला आणि मी गळ्यातल्या ओढणीने तोंड पुसलं. एकदा, दोनदा, दर गाडीला. पावडर ओढणीवर गेली. मलम मात्र खरंच टिकाऊ होतं, ते जागचं हललं नाही.

मशीनपाशी आरसा नाही आणि बाथरूमकडे जायला सवड नव्हती. मला कळलं ते एवढंच, की आज लोक माझ्याकडे बघतायत. एरवी मी "झिरो बघा" म्हटलं की माणूस मशीनकडे बघतो. त्या दिवशी मशीनकडे कोणी बघेना. एक रिक्षावाला हळू आवाजात म्हणाला, ताई, सावलीत बसा ना. एका ट्रकवाल्याने स्वतःची पाण्याची बाटली दिली. मग लिंबं यायला लागली. मला मनातून इतकं बरं वाटत होतं! सोनलला दुकानात रोज अशीच वागणूक मिळत असणार, आणि घरी येऊन ती त्यातलं एक अक्षर बोलत नाही, याचा रागही येत होता.

साडेतीनच्या सुमारास भोईरकाका बाहेर आले, मला बघून जागीच थिजले आणि धावत येऊन त्यांनी माझ्या हातातला पाइप काढून घेतला. त्यांना वाटलं, पेट्रोलची वाफ अंगात भिनली. मला खुर्चीत बसवलं, पाय उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवले आणि ह्यांना फोन लावला. हे धरणावर, लांब. ह्यांनी सोनलला फोन केला. माझ्या मशीनवर तोपर्यंत टायरमध्ये हवा भरणारे दादा उभे राहिले.

दहा मिनिटांत सोनल स्कूटीवरून आली. सकाळपासून उभी असलेली, भर उन्हातून आलेली, आणि चेहरा ताजा टवटवीत. ती माझ्यापुढे वाकली.

"ताई, हिरवं किती लावलंत?"

"बारा दाणे," मी म्हणाले.

तिने हसू दाबायला मशीनकडे तोंड फिरवलं. मग हात धरून मला बाथरूममध्ये नेलं. तिथे आरसा होता. मी बघितलं आणि मला त्या तिन्ही लिंबांचा अर्थ एकदम लागला.

साबणाने घासून घासून हिरवं निघालं आणि खालून असं तांबडं बाहेर आलं की सासूबाईंनी सरळ पोलिसात तक्रार दिली असती. सोनल ओला रुमाल माझ्या गालावर दाबत होती, तेवढ्यात साहेबांची गाडी आलीच. आम्ही दोघी तशाच बाहेर आलो. साहेबांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि सोनलकडे हात करून भोईरकाकांना म्हणाले, "ह्याच ना त्या? छान. गिऱ्हाइकाला प्रसन्न वाटेल."

माझ्या पोटात असा जाळ झाला, की पंपाच्या आवारात तो होऊ देणं नियमात बसत नव्हतं.

सोनल लगेच म्हणाली, "मी नाय सर, ह्या. माझ्या मोठ्या जाऊबाई. मला यातला पेट्रोलचा पाइप कुठला, डिझेलचा कुठला, ते पन सांगता येनार नाय."

तिचं बोलणं ऐकून माझी नजर आपोआप मशीनकडे गेली. मुरबाडची जीप उभी होती, माणसांनी गच्च भरलेली. जीप डिझेलची, आणि हवावाल्या दादांनी तिच्या टाकीत घालायला पेट्रोलचा पाइप उचलला होता. मी "थांबा दादा" म्हणत जी धावले, ती त्यांच्या हातातून पाइप हिसकावूनच थांबले. थेंबभरही आत गेलं नव्हतं. जीपवाला मला हात जोडत होता, आतल्या बायका विचारत होत्या, काय झालं, काय झालं. साहेबांनी माझं नाव विचारलं. गालांवरून पाणी गळत होतं, नाक बिटासारखं झालं होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाचा विचार न करता नाव सांगितलं.

जागा मला मिळाली. सोनलने घरी काही सांगितलं नाही. सगळं मीच सांगितलं, कारण तिचा चांगुलपणा मला आणखी सहन झाला नसता. सासूबाई हसून हसून जमिनीवर बसल्या.

आता मी एसीत बसते. एकच दाणा लावते आणि तो खरोखर बारा तास टिकतो. फक्त कॅबिनच्या काचा बाहेरून काळ्या आहेत, त्यामुळे तो कोणाला दिसत नाही. आतून मला मात्र सगळं दिसतं. माझ्या जागी आता मनीषा नावाची मुलगी आलीय. उन्हात तिचा चेहरा तांबूस होऊन असा काही चमकतो, की जाणारा येणारा तिच्याशी दोन शब्द हसून बोलतो. परवा राहवेना, बाहेर जाऊन मी विचारलंच, तोंडाला काय लावतेस गो?

"काय नाय मॅडम," ती म्हणाली, "घाम हाय."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मी एसी बंद करून बसते.