उजवीकडून जा

बुखाऱ्याच्या जुन्या वस्तीत, हौदामागच्या गल्लीत सानोबरचं सासर. लग्नाआधी ती शाळेत इंग्रजी शिकवायची. नवरा रशियात बांधकामावर, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो मोठ्या दिराचा, शुहरत-अकाचा. तिच्या जुन्या शाळेत जागा रिकामी झाली होती. मुख्याध्यापिका सोमवारपर्यंत थांबणार होत्या. अका म्हणाला, "हंगाम नीट जाऊ दे, मग बघू."

हंगाम प्रवाशांचा. गल्लीत वाट चुकून ते दारात येत, बघायला आलेला तो जुना हौद कुठे म्हणून विचारत. हौद डावीकडे, कोपऱ्यावर. अकाचं भरतकामाचं दुकान मात्र उजवीकडे, सगळ्या वस्तीला वळसा घालून. म्हणून सानोबरने सांगायचं, डावीकडे गटार खोदलंय, उजवीकडून जा. वर्गात पोरांकडून घोकून घेतलेली वाक्यं आता या कामी येत होती.

"आमची केलिन बोलली की फिरंगी कसे मेंढरांसारखे वळतात!" सासू शेजारणींना सुनेबद्दल सांगायची. शेजारणी हसायच्या. सानोबरला स्वतःच्या जिभेची शिसारी यायची.

शनिवारी दुपारी एक म्हातारं जोडपं परत आलं. सकाळी तिनेच त्यांना वळशाला लावलं होतं. बाईचं तोंड बिटासारखं लाल, टाच सोलवटलेली. तिने पिशवीतून भरतकामाची चादर काढली.

"तुमच्या दिरांनी सांगितलं, ही तुम्हीच भरलीत. किती आपुलकीने वाट सांगितलीत तुम्ही! म्हणून घेतली. धरा ना, फोटो काढते."

चादर यंत्रावरची होती. सानोबरने सुई हातात घेतली असेल तर बटण लावायला. अका मागोमाग येऊन उभा होता.

"धर की," तो आपल्या भाषेत म्हणाला. "आणि हास जरा. तोंड का एरंडेल प्याल्यासारखं?"

सानोबर हसली. बाईने तिचा हात दोन्ही हातांत दाबून आभार मानले. बाईचे तळवे घामाने चिकचिकत होते.

संध्याकाळी पुलाव झाला. अका खुशीत होता. "जा सोमवारपासून शाळेत. पण दुपारी दारात हजर पाहिजेस. बसगाड्या तेव्हाच येतात."

सासूने मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा मोठा तुकडा भातात घोळवून स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात कोंबला. "खा गं, खा. कमावती झालीस."

चरबी तोंडात फुगत गेली. गिळवेना, थुंकताही येईना. नळाशी जाऊन तिने सगळं ओकून टाकलं.

"बातमी आहे वाटतं?" आतून सासूने विचारलं.

"नवरा दोन वर्षं रशियात आहे, ओयी," सानोबर सासूला म्हणाली आणि तिने चूळ भरली.

रविवारी सकाळी दोन तरुण पोरी दारात आल्या. अका दुकानाला निघतच होता. पोरींनी हौद विचारला. सानोबर उझ्बेकीत म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही."

"थट्टा करतेस?" अका हसला.

तिने एका पोरीचं कोपर धरलं, दोघींना डावीकडे कोपऱ्यापर्यंत नेलं, हौद दाखवला आणि परत आली. अकाचं हसू मावळलं होतं.

"मग शाळा विसर."

"विसरले, अका. इंग्रजीसुद्धा."

सोमवारी ती जागा दुसऱ्या बाईला मिळाली. प्रवासी अजून दार वाजवतात. सासू आतून हाका मारत राहते, आणि सानोबर कांदा चिरत राहते.