ओल्या थाळ्या

सांडभोर मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलांना पोह्यांसाठी रांगेत उभं करत होतो. फोन त्यांच्या मुलाचा, चाकणच्या पलीकडच्या गावाहून. "दादा, आप्पा गेले. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत..." फोन खिशात ठेवला आणि पोहे वाढायला लागलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. आदल्या संध्याकाळीच गेटवर गाडीला किक मारता मारता मामा म्हणाले होते, "उद्या सुट्टी हाय माझी. पोरांकडं बघ."

आमचं निरीक्षणगृह म्हणजे काही गुन्ह्यात नाव आलेली, अठराच्या आतली मुलं निकाल लागेपर्यंत जिथं ठेवतात ती जागा. सांडभोर मामा तिथले सगळ्यात जुने पर्यवेक्षक. मी लागलो तेव्हा सगळ्यात नवा आणि तोही कंत्राटी. हिंगोलीकडचा माणूस मी, दहावीत शाळा सुटली, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशिनवर होतो, ते बंद पडलं तेव्हा खोलीवरच्या एकानं इथं चिकटवून दिलं. हुद्दा पर्यवेक्षकाचा, पण काम मुलांना उठवायचं, रांगेत न्यायचं, मोजायचं. त्यातली काही पोरं माझ्यापेक्षा उंच होती. पहिल्या दिवशी गेटची कडी मी लावायचो आणि चार पावलं जाऊन परत बघायला यायचो. संध्याकाळी पिशवी भरून गावाकडची गाडी धरायची, हे मी दुपारीच मनाशी पक्कं केलं होतं.

त्याच दुपारी सगळ्यांची जेवणं झाली. आमच्याकडे ज्यानं त्यानं आपली थाळी घासून रॅकमध्ये आपापल्या जागी उभी करायची, कर्मचाऱ्यांनीसुद्धा. मामा आले आणि सगळ्या थाळ्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत गेले. मला वाटलं, स्वच्छता बघतायत. माझ्या थाळीपाशी थांबले.

"काय रं मराठवाडा, जेवलास का?"

"जेवलो की, मामा."

"कशात जेवलास? थाळी तर कोरडी हाय. हवा खाल्लीस व्हय?"

पोरं हसली. मीही कसंबसं हसलो. मग त्यांनी दोन थाळ्या वाढून आणल्या, माझ्या शेजारी बसले आणि काहीएक न विचारता जेवू लागले. त्यांचं आधीच एकदा जेवण झालं होतं, हे मला नंतर कळलं. निम्मी चपाती झाल्यावर म्हणाले, "तू उपाशी ऱ्हायलास, तर ही कशी जेवत्याल? तुझ्याकडं बघत असत्यात ती." ती गाडी मी धरली नाही, आणि नोकरी टिकली. आज गावाकडं आई पत्र्याखालून स्लॅबखाली आली, ती मामांच्या त्या दुसऱ्या जेवणामुळं, असं मी मानतो.

मामा मुलं कधी बोट दाखवून मोजत नसत. "पोरं मोजू न्हाईत," एवढंच म्हणायचे. मोजली की दृष्ट लागते, असं त्यांच्या घरात मानत. ते थाळ्या मोजायचे. अधीक्षक मॅडम वैतागायच्या, "मामा, मुलं मोजा, भांडी नको." मामा मान डोलवायचे, मॅडमसाठी रांग लावून डोकी मोजून घ्यायला मला पुढं करायचे, आणि स्वतः परत रॅककडे जायचे. मोजता मोजता हात फिरायचाच. नवीन आलेलं पोर पहिले काही दिवस जेवत नाही, वाढूनच घेत नाही आणि कोरडी थाळी गुपचूप लावतं. असं पोर सापडलं की मामा त्याला केसबद्दल अवाक्षर विचारत नसत. नुसते थाळी घेऊन शेजारी बसत. एक जण तर तीन-चार दिवस त्यांच्याकडं पाठ करून बसला होता. पाचव्या दिवशी पाठ केलेलाच म्हणाला, "मामा, आमटी खारट झालीय." मामा म्हणाले, "मग भात घे की थोडा." त्यानं घेतला.

आणि थाळ्यांवरून फिरून ओला झालेला हात ते जवळ जे पोर असेल त्याच्या डोक्याला पुसायचे. "ओ मामा, केस..." म्हणून पोरं ओरडायची, पण जेवण झालं की रॅकजवळच घुटमळायची.

अंत्यविधीला मी गेलो. मुलांना नेता येत नाही. खोलीवर अंघोळ करून संध्याकाळी परत कामावर आलो, तर सगळी दारात उभी होती. एकानं विचारलं, "सर, तोंड बघायला मिळालं का?" मी म्हटलं, "मिळालं." "कसे दिसत होते?" "झोपल्यासारखे." जेवणाची वेळ संपली, थाळ्या लागल्या. मी हात फिरवला... पहिली कोरडी, दुसरी कोरडी, शेवटपर्यंत कोरड्या. एकही पोर जेवलं नव्हतं. मॅडमना फोन लावायला मोबाईल काढला. मग तो ठेवला, माझी थाळी काढली, वाढून घेतलं आणि सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर बसलो. खात राहिलो. बऱ्याच वेळानं रॅकमधून एक थाळी खडखडली, मग दुसरी.

याला महिना होऊन गेला. मामांची थाळी रॅकच्या टोकाला अजून आहे. घरून आणलेली, मामींचं नाव कोरलेली, एका बाजूनं चेपलेली. ती कोरडीच लागणार म्हणून मी इतके दिवस तिच्या अलीकडे हात थांबवत होतो. परवा दुपारी थांबवायचं राहून गेलं, आणि हाताला पाणी लागलं. कुणीतरी ती नुकतीच धुऊन ठेवली होती. मी ओला हात तसाच धरून वळलो. मागं मघाशी आमटी वाढणारं पोर उभं होतं. त्यानं माझ्याकडं न बघता डोकं पुढं केलं.