नानीच्या ओढणीवरचं नाव

टोरोंटोत अकरा वर्षं काढून लीलावती जगरूप त्रिनिदादला, पेनालच्या आपल्या घरी परतली, तेव्हा सामानात तिच्या कपड्यांपेक्षा चिंध्याच जास्त होत्या. जुन्या ओढण्या, पिठाच्या पोत्यांचे परकर, उसाच्या मळ्यात घालायचे सदरे जोडून ती भिंतभर कापडं शिवायची. तिकडे त्यांचं कौतुक व्हायचं. पण ज्या बायकांनी हे कपडे वापरले, त्यांच्या घरातलं कुणीच ते बघायला नसायचं, हे तिला सलत होतं.

आता पोर्ट ऑफ स्पेनच्या एका कलादालनाने तिला बोलावलं होतं. मळ्यांच्या जुन्या कागदांतली बायकांची नावं ती एका मोठ्या कापडावर शिवत होती. सोनमती मौसीने, म्हणजे तिच्या आईच्या धाकट्या बहिणीने, बिस्किटांच्या डब्यात जपलेली नानीची पांढरी ओढणी तिला आणून दिली. चौथ्या दिवशी मौसी भोपळ्याची भाजी घेऊन आली, तर टेबलावर ओढणीचे दोन तुकडे.

मौसीने भांडं खाली ठेवलं. ओरडली नाही.

"बघायला दिली होती गं. कापायला नाही."

आणि ती निघून गेली.

कापडावरच्या रचनेत तिरकी रेघ हवी होती, म्हणून लीलावतीने कात्री चालवली होती. विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि आता तेच तिला खात होतं. तिने दोनदा मौसीचं दार ठोठावलं. दोन्ही वेळा आतून रेडिओचा आवाज तेवढा मोठा झाला. शेवटी तिने कलादालनाला कळवलं, ओढणी लावणार नाही, कापड उशिरा येईल. तुकडे धुतले, घडी घातली आणि मौसीच्या ओसरीवर नेऊन ठेवले.

दहाव्या दिवशी मौसी स्वतःच आली. हातात तेच तुकडे आणि सुईदोरा.

"जोडायचं असेल तर मी जोडते. तुझे टाके भलतेच लांब असतात. परदेशी."

दोघी शेजारी बसल्या. टाके घालता घालता मौसीने विचारलं, आईचं, म्हणजे तुझ्या नानीचं, नाव कुठलं लिहिणार? लीलावतीने कागद काढले. जन्माच्या दाखल्यावर झुनिया, लग्नाच्या कागदावर जूनी, मळ्याच्या वहीत नुसताच आकडा.

"यातलं एकही नाव कधी कुणी घेतलं नाही," मौसी म्हणाली. "आमचे बा तिला बिजली म्हणायचे. ऊस बांधताना ती पुरुषांच्या पुढे असायची. आणि रागावली की बांना पळायला रस्ता पुरायचा नाही."

दोघी इतक्या हसल्या, की सुई हरवली आणि अर्धा तास शोधावी लागली.

जोडलेली ओढणी मोठ्या कापडावर लागली आणि बिजली हे नाव लाल दोऱ्याने शिवलं गेलं, जोडाच्या बरोबर खाली. जोड लपवायचा नाही, असं मौसीनेच ठरवलं. मग तिने अट घातली: कापड आधी पेनालच्या मंदिराच्या सभागृहात लागेल, शहरात नंतर.

त्या रविवारी पूजा आटोपल्यावर बायका कापडापुढे थांबल्या. एकीने आपल्या आजीचं नाव शोधलं, दुसरीने चुकलेलं दाखवलं. "अगं, ती सुखनी नव्हे, सुखिया," असं म्हणत तिसरीने सुई मागितली. दुपारपर्यंत सात नावं दुरुस्त झाली आणि नवी चार चढली. लीलावती दोरा ओवून देत राहिली.

शहराचं प्रदर्शन महिनाभर लांबलं. कलादालनाने आणखी एक भिंत मोकळी केली, कारण कापड अजून वाढत होतं.