जुनी कॅसेट आणि भाचीचं गाव

सेव्ह या शब्दाचा मला त्या काळात मनापासून राग होता. कॉम्प्युटरवर गेम खेळायचा, मध्येच थांबवायचा, होतं तिथं जपून ठेवायचा आणि उद्या तिथूनच पुढे जायचं, यात कसला आलाय खेळ, असं मी म्हणायचो. नुसतं म्हणायचो नाही, लोकांना धरून ऐकवायचो. आर्वीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकापुढे थान उलगडता उलगडताही मी हा विषय काढत असे. आमच्या वेळी तीन जीव मिळायचे, तिन्ही गेले की खल्लास, पुन्हा पहिल्यापासून. माझं वय तेव्हा बत्तीस आणि आमची वेळ म्हणजे फार तर सोळा-सतरा वर्षांपूर्वीची.

नव्वद सालानंतर बाबांनी नागपूरहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. सोबत एक पिवळी कॅसेट होती. त्या गेमचं खरं नाव पडद्यावर यायचं, पण ते आमच्यापैकी कोणी कधी धड वाचलं नाही. आम्ही त्याला पुलवाला म्हणायचो. बंदूकवाला एक शिपाई, त्यानं तीन पूल ओलांडायचे, मग धबधबा चढायचा, मग गुहा, आणि शेवटी एक लोखंडी दार. दार फुटलं की गेम संपला. आमच्या गल्लीतली पोरं दुसऱ्या पुलावरच नदीत पडायची. मी मात्र तो गेम संपवला होता. एका उन्हाळ्यात, एका बैठकीत, लाईट जायच्या आत. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ताई तेव्हा शेजारी बसलेली होती. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की लग्नानंतर बायकोनं ती पहिल्या आठवड्यातच पाठ केली.

ताईचं सासर तळेगावचं. तिकडे शेती. तिची मुलगी, माझी एकुलती भाची, अकरा वर्षांची. त्या मे महिन्यात दोघी महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या. माझी बायको लेकराला घेऊन माहेरी गेली होती, त्यामुळे घरात आई, बाबा, मी आणि या दोघी. तळेगावला त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, आमच्याकडे होता. पोरगी सकाळी दात घासून झाले की त्याच्यासमोर बसायची.

ती जो गेम खेळायची त्यात गाव वसवायचं असे. मोकळं रान मिळतं, त्यात विहीर खोदायची, रस्ता काढायचा, शेतं आखायची, मग माणसं राहायला येतात. पोरीनं तेवीस दिवसांत चांगलं मोठं गाव उभं केलं होतं. शाळा होती, बाजार होता, बस थांबत होती. कोणतं घर कोणत्या मैत्रिणीचं ते तिनं ठरवून टाकलं होतं, आणि एका मैत्रिणीशी भांडण होतं म्हणून तिचं घर गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे. जेवताना ती आजीला गावाच्या बातम्या सांगायची. आज विहिरीले पाणी लागलं, आज दोन घरं वाढली.

आणि दर पाच मिनिटांनी ती सेव्ह करायची. त्याला कारण होतं. रोज दुपारी तीन ते सहा लोडशेडिंग, शिवाय मध्येच कधीही लाईट जायची ती वेगळी, आणि आमच्या कॉम्प्युटरची बॅटरी निकामी झालेली. लाईट गेली की पडदा काळा. हे सगळं मला माहीत होतं. तरी तिनं सेव्ह केलं की माझ्या कपाळावर आठी चढायची. भित्री आहे, असं मी ताईला म्हणालोही.

त्या रविवारी दुकान बंद होतं. जेवणं आटोपली आणि माझी टकळी सुरू झाली. कोणी मरत नाही, कोणी हरत नाही, नुसतं टिचटिच करत बसायचं. पोरीनं ऐकून घेतलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मामा, तुम्ही तो पुलवाला खरंच संपवलता का?"

"मंग काय खोटं सांगून राह्यलो?"

"मले दाखवा ना."

ती चिडवत नव्हती, तिला खरोखर बघायचं होतं. मला मात्र ती माझी परीक्षा घेते आहे असं वाटलं. मी म्हणालो, "दाखवतो. एका बैठकीत संपवला तर तुह्यं गाव पुसायचं. कबूल?"

"आन नाई संपला तर?"

"तर दिवसभर खेळजो. मी एक शब्द बोलणार नाई."

पोरीनं आईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "जाऊ दे ना बाप्पा, लेकराच्या नादी काऊन लागतं?" पण मी तोवर माळ्यावर चढलोही होतो. पोरगी खालून हळूच कबूल म्हणाली. माझ्यावर तिचा विश्वास होता आणि तरीही मी हरेन अशी तिला आशा होती. दोन्ही एकाच वेळी तिच्या तोंडावर दिसत होतं.

व्हिडिओ गेमचा डबा सापडला. तारा जोडल्या. कॅसेट फुंकली, फुंकून काही होत नाही हे आता कळतं, तरी फुंकली. सव्वा वाजता शिपाई पडद्यावर उभा राहिला आणि मला खरंच भरून आलं. तो आवाज, ती निळी नदी. मी पोरीला म्हणालो, बघ आता.

पहिला पूल मी बोलत बोलत पार केला. माझी बोटं माझ्या पुढे धावत होती. दुसऱ्या पुलावर बाबा खुर्ची ओढून जवळ आले. आई भांडी तशीच टाकून दारात उभी राहिली. तिसऱ्या पुलावर फळ्या एकेक करून खाली पडतात, तिथं एक जीव गेला, पण पुढच्या खेपेला मी पलीकडे पोचलो. मागे पोरीचा श्वास ऐकू येत होता. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. दोन जीव बाकी होते आणि समोर धबधबा होता.

इथं एक विचित्र गोष्ट झाली. मला सगळं आठवत होतं. डावीकडून दगड येईल, आला. मग दोन छोट्या उड्या, मग वाकायचं, वरून पक्षी जाईल, गेला. पुढं काय येणार ते डोळ्यांना पक्कं ठाऊक होतं आणि बोटांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. बोटं चाचपडत होती. वाकायला हवं तिथं मी उडी मारली आणि शिपाई खाली गेला.

शेवटचा जीव. मी गेम थांबवला आणि तळहात पँटला पुसले. आणि तळहात पुसता पुसताच मला कळलं.

तिसऱ्या पुलानंतर माझ्या हाताला नेहमी घाम सुटायचा. रिमोट निसटायचा. मग मी तो शेजारी ढकलायचो, ताई घे, लवकर घे. धबधब्यापासून पुढे ताई खेळायची. मी बाजूला गुडघ्यांवर बसून ओरडायचो, दगड आला, उडी, वाक. म्हणून डोळ्यांना सगळं माहीत. ते लोखंडी दार ताईनं फोडलं होतं, आणि ते फुटल्याबरोबर मीच पळत गल्लीत जाऊन सांगितलं होतं, गेम संपवला. तेव्हा कदाचित आम्ही संपवला असं म्हणालो असेन. नंतरच्या सतरा वर्षांत त्या आम्हीमधून ताई कधी गळाली, मला कळलंही नाही. जुने गेम किती चांगले, म्हणून जे मी जगाला ऐकवत होतो, त्यातला निम्मा मोठेपणा मी दुसऱ्याच्या हातातून उचललेला होता.

मी मागे वळून पाहिलं. ताई माझ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे टीव्हीवर होते आणि मांडीवर ठेवलेली तिची बोटं बारीक बारीक हलत होती. दगड, उडी, उडी, वाक.

तिथं मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं, ताई, तू घे. पण बाबा बघत होते, आई बघत होती, आणि भाचीसमोर मी तोंडघशी पडणार होतो. मी गेम सुरू केला. दुसऱ्याच दगडाला शिपाई मेला.

मग मी म्हणालो, "बटन दबून नाई राह्यलं. रिमोट खराब झाला."

"मंग माह्यं गाव राह्यते ना, मामा?" पोरीनं विचारलं.

त्या आवाजात सुटकेचा आनंद होता, दुसरं काही नव्हतं. पण मी डोक्यात राख घालून घेतली. उठलो, कॉम्प्युटर लावला. तो चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात माझा राग उतरायला हवा होता, कोणीही सांगेल. तो उतरला नाही. मी तिची फाइल शोधली. पोरगी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती म्हणाली, "मामा, तुम्ही तर हरले ना." मी डिलीट दाबलं. मग कचऱ्याची टोपली उघडून तीही रिकामी केली, कारण मला कॉम्प्युटरमधलं चांगलं कळत होतं. वर शहाणपणही शिकवलं, की माणसानं सेव्हच्या भरवशावर राहू नये.

ती रडली नाही. माझ्या हाताखालून माउस घेऊन तिनं गेम उघडला, जिथं तिच्या गावाचं नाव असायचं तिथं गेली आणि ती मोकळी जागा वाचल्यासारखी बघत राहिली. आई फक्त अरे म्हणाली. बाबा उठून आत गेले.

ताईनं आधी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती टीव्हीसमोर जाऊन बसली आणि जो रिमोट मी खराब म्हणालो होतो तोच तिनं हातात घेतला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तीनला लाईट जाणार होती, आणि त्या गेममध्ये सेव्ह नव्हतं.

तिनं पहिला पूल हळूहळू पार केला. दुसऱ्यावर अडखळली. तिसऱ्यावर एक जीव गेला, माझा गेला तिथंच. ती पदर खोचून पुन्हा सुरू झाली. मी भिंतीला टेकून उभा होतो. ती मरावी असं मला वाटत होतं, हेही लिहून टाकतो. ती मेली असती तर माझी गोष्ट वाचली असती.

धबधब्याशी ती पोचली आणि तिचे खांदे सैल झाले. दगड आला, दोन उड्या, वाकली, पक्षी गेला. ती घरच्या जिन्यावरून चढावं तशी चढली. एकदाही थांबली नाही. बाबा आतून परत आले होते. त्यांनी एकदा तिच्या हातांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग माझ्याकडे पाहायचं टाळलं. गुहेत दुसरा जीव गेला. आता तीनला तेरा मिनिटं कमी. आई घड्याळाकडे बघून पुटपुटत होती. पोरगी कॉम्प्युटरसमोरून उठून ताईच्या मागे येऊन उभी राहिली होती, पण तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. या गेमचं काय होतं याच्याशी आता तिचं देणंघेणं उरलेलं नव्हतं.

तीनला चार मिनिटं कमी असताना ते लोखंडी दार फुटलं. पडद्यावर अक्षरं वर सरकू लागली. इतक्या वर्षांनी मी ती पहिल्यांदा नीट पाहिली, कारण मागच्या वेळी मी गल्लीत पळालो होतो.

ताईनं रिमोट जमिनीवर ठेवला. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"बटन चांगलं आहे," ती म्हणाली. "हा खेळ म्या पह्यलेही संपवलता. तू सांगत गेला, म्या आयकत गेली. तुले खुशी होते तं होऊ दे म्हटलं. आता म्या पुन्हा संपवून दाखवला. आता तू तिचं गाव वापस आणून दाखव."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. एकेक फोल्डर उघडत गेलो, बंद करत गेलो. काही मिळणार नव्हतं, ते मला पहिल्या मिनिटालाच माहीत होतं. पण मागे ताई उभी होती, म्हणून उघडत राहिलो. पोरीनं स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात माउसवर फिरताना पाहून तिला पुन्हा आशा वाटू लागली होती. ती पडद्यावर बोट ठेवून सांगायला लागली, हे पाहा मामा, ते पाहा, इथं असन.

तीन वाजले. लाईट गेली. कूलरचा पंखा घरघरत थांबला आणि पडदा काळा झाला.

"लाईट आल्यावर दिसन का, मामा?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.