नऊ पांढरे गुलाब

लंडनमध्ये सेंट पॉलच्या देवळामागच्या गल्लीत थॉमसिन बर्ड नावाची एक विधवा चित्रकारीण राहत असे. पोथीच्या पहिल्या अक्षरात संत बसवावेत, कडेने वेली चढवाव्यात, आणि रंगात कुंचली बुडवण्याआधी चित्रकारांच्या कैवारी सेंट ल्यूकचे नाव घ्यावे. हाच तिचा संसार, हीच तिची उपासना. हात असा बसलेला, की ती झोपली तरी कुंचली चालेल, असे शेजारी म्हणत. त्यांचे म्हणणे एकदा खरे झाले, आणि तिथेच घात झाला!

गादीसाठी दोन राजघराणी लढली होती, एकाचे निशाण लाल गुलाब, दुसऱ्याचे पांढरा. म्हाताऱ्या डेम मार्जरी हॅल्टन यांची तीन गावे, यजमान लाल गुलाबाच्या बाजूने लढले म्हणून, जप्त झाली होती. वीसहून जास्त वर्षे पांढऱ्या गुलाबाचे राजे गादीवर होते. आता लाल गुलाबाचा राजा आला. त्याने गावे परत दिली, हिरव्या मेणाची मोहर लावलेले चर्मपत्र दिले, आणि बाईंनी ते सजवायला थॉमसिनकडे धाडले. तिने राजा सिंहासनावर बसवला, सोन्याचा वर्ख चढवला, नाम घेत घेत कडेला नऊ गुलाब काढले. मागे सरून पाहते तो काय! इतक्या वर्षांची सवय हातातून पत्रावर उतरलेली. नऊच्या नऊ पांढरे!

तिने चाकू उचलला आणि तसाच खाली ठेवला. मोहर लागलेल्या पत्रावर खरवडलेली जागा दिसली, की उद्या कोणीही वकील उठून म्हणेल, "हे बनावट!" मग तिन्ही गावे पुन्हा गेली. पुसता येईना, ठेवता येईना.

"ल्यूकबाबा," ती म्हणाली, "काढायची सोय नाही. मग भर तरी घालू दे!"

आणि तिने लाल रंगासाठी हिंगूळ खलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी डेम मार्जरी आल्या. पाहताच कडाडल्या, "पांढरा? अगं, या फुलाने माझा नवरा खाल्ला! आणि तू ते माझ्या लाल गुलाबाच्या पोटात घालतेस?"

"पोटात नव्हे बाईसाहेब, मिठीत. बाहेरून लाल पाकळ्यांनी कसा आवळलाय बघा."

"काढून टाक!"

"टाकते की. पण राजेसाहेबांनी परवा जानेवारीत कोणत्या घरची मुलगी केली?"

पांढऱ्या गुलाबाच्या घरची लेक राणी झाली, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होते.

"मग राणीसाहेबांना खरवडू? हुकूम द्या, हा घेतला चाकू. दरबारात कोणी विचारलं, तर नाव मात्र तुमचं सांगीन हं."

बाईंनी तिला नीट न्याहाळले. "खरं सांग. मुद्दाम केलंस, की चुकून?"

ल्यूकबाबाच्या लेकीला खोटे कसे बोलवणार! "मुद्दाम केलं असतं, तर इतकं चांगलं जमलं नसतं, बाईसाहेब."

बाईंचे बोळके हसू लागले, ते थांबेचना.

"राणीला जरा बारीक तरी काढायची होतीस!" असे म्हणून, नोकराचा पुढे आलेला हात झिडकारून, आपली तिन्ही गावे स्वतःच्याच काखेत मारून, त्या घरी निघाल्या.